कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी नव्हे

‘अनोळखी लिंक उघडू नका’ असं सगळेच सांगतात. लिंक वाचायची कशी, हे कुणी सांगत नाही. वसई-विरारला वीज देते महावितरण. ‘बिल थकलंय, आज रात्री वीज कापू’ असा मेसेज आला की आधी त्यातला पत्ता, म्हणजे डोमेन, पाहा. महावितरणचं डोमेन ‘महाडिस्कॉम डॉट इन’. ‘महाडिस्कॉम डॉट अमुक डॉट कॉम’ दिसलं, तर मालक ‘अमुक’. आधीचं महाडिस्कॉम ही नुसती पाटी.

पत्त्याशेजारचं कुलूप, म्हणजे एचटीटीपीएस, एवढंच सांगतं की तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. ती पोचते कुणाकडे, याची हमी ते देत नाही. भामट्यांनाही हे कुलूप मिळतं, तेही फुकट!

‘एपीके’ ही अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर बिल म्हणून आलेली एपीके बिल नसतेच. ती इन्स्टॉल करून परवानगी दिलीत, की तुमचे ओटीपीही वाचले जाऊ शकतात.

महापालिकेने घरपट्टीच्या बिलामागे हे तीन शब्द अर्थासह छापावेत. सोबत १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबरही द्यावा. पैसे गेल्यावर तिथे लगेच फोन केला, तर ते पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात.