गाडी मध्येच बंद पडते? ई२०ला शिव्या घालण्याआधी लॉग बघा

सध्या गाडीचं काहीही बिघडलं की एकच उत्तर ऐकू येतं: 'ई२०मुळे'. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं २०२५मध्ये गाठलं आणि वाद पेटला. १ सप्टेंबर २०२५ला सुप्रीम कोर्टानं ई२०विरोधातली याचिका फेटाळली, पण व्हॉट्सअ‍ॅपवरची सुनावणी अजून चालूच आहे.

मीही त्यात होतो. माझी २०१६ची पेट्रोल गाडी तासभर चालली की अचानक बंद पडायची. पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाणी! मेकॅनिक म्हणाला, "दादा, पेट्रोलच तसलं येतंय हल्ली." स्पार्क प्लग बदलले, मग फ्युएल फिल्टर. साडेचार हजार गेले. आणि पुढच्याच रविवारी खंबाटकी घाटात, मागे ट्रक असताना, इंजिन पुन्हा बंद. ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं. तेव्हा ठरवलं, आता अंदाज बास.

ई२०चा परिणाम कसा दिसतो?

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे मायलेज थोडं घटतं, हे खरं. जुन्या गाड्यांचे रबरी भाग हळूहळू खराब होण्याची भीतीही खोटी नाही. पण हे परिणाम सतत राहतात किंवा सावकाश वाढतात. टाकीतलं तेच पेट्रोल तासभर चांगलं, मग वाईट आणि पंधरा मिनिटांनी परत चांगलं, असं सहसा होत नाही. अधूनमधून येणारा बिघाड बहुतेक वेळा कशाला तरी बांधलेला असतो: उष्णता, धक्के, पाऊस, सैल कनेक्टर. तो ज्या क्षणी होतो, त्या क्षणाची नोंद हवी.

नोंद तुमच्या फोनमध्ये

गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात हजारेक रुपयांचं ब्लूटूथ डोंगल लावायचं आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप जोडायचं. आयफोन असेल तर डोंगल त्याला चालतं का, ते आधी बघा. तीन गोष्टी तपासा:

- पेंडिंग कोड: चेक इंजिनचा दिवा लागला नसला तरी कॉम्प्युटरला आलेला संशय इथे दिसतो.
- फ्रीझ फ्रेम: कोड नोंदला गेला तेव्हाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान.
- लाइव्ह लॉग: गाडी चालताना सेकंदासेकंदाचे आकडे. फोन शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः बघत बसू नका.

माझ्या लॉगमध्ये काय सापडलं? गाडी गिअरमध्ये, क्लच दाबलेला नाही, वेग ४८. आणि आरपीएम एका झटक्यात शून्य. हे शक्यच नाही! चाकं फिरतायत आणि गाडी गिअरमध्ये आहे, म्हणजे इंजिनही फिरत असणारच. पेट्रोल अडलं असतं तरी आकडा असा शून्यावर आला नसता. म्हणजे इंजिन थांबण्याआधी आरपीएम मोजणाराच गप्प झाला होता. पेंडिंग कोडही तोच: पी०३३५, क्रँकशाफ्ट सेन्सर सर्किट. मेकॅनिकनं आधी वायर आणि कनेक्टर तपासले, ते ठीक निघाले. सेन्सर तापला की सिग्नल तुटायचा, थंड झाला की जुळायचा. नवा सेन्सर दीड हजाराला पडला.

पुरावा पुसू देऊ नका

बॅटरीची वायर काढून परत लावणं हा गॅरेजचा लाडका उपाय. पण त्यानं बऱ्याच गाड्यांत कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्ही पुसले जातात. आधी स्क्रीनशॉट घ्या, मगच गाडी ताब्यात द्या.

खरा प्रश्न याच्यापुढचा आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनंही घेतली. पण कोडचा नंबर मिळून भागत नाही, त्यापुढची तपासणी कशी करायची हेही नाक्यावरच्या गॅरेजला कळायला हवं. ती माहिती नसली की पार्ट बदलत बसायचं आणि पेट्रोलला दोष द्यायचा, एवढंच त्याच्या हातात उरतं. ई२०वर जरूर भांडा, पण हातात लॉग घेऊन. नाहीतर खरा दोषी बॉनेटखाली बसून राहतो आणि घाटात मागे ट्रक असतो.