घरांतील विज्ञान : पेटींतलीं पोवळीं कां मेलीं?

पोवळें म्हटलें कीं आपल्याकडे अंगठी आठवते. तें एका सजीव प्राण्याचें घर असतें, हें शाळेंत वाचूनहि लक्षांत राहत नाहीं. ठाण्यास वागळे इस्टेटच्या बाजूस राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं मात्र हे फुलांसारखे प्राणी शंभर लिटरच्या कांचेच्या पेटींत दोन वर्षें सुखानें नांदत होते. एक गोष्ट आधींच सांगून ठेवितों. प्रवाळभित्ती बांधणारीं कठीण पोवळीं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. मालवणच्या काय किंवा अन्य कोठल्या काय, समुद्रांतून तीं काढून आणणें हा गुन्हा होय. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठीं २०२० सालीं वरळी व हाजी अली येथील पोवळीं हलवावयाचीं झालीं, तेव्हां सरकारी यंत्रणेसहि रीतसर परवानगी घ्यावी लागली. आमच्या स्नेह्यांकडील प्राणी सांगाडा न बांधणारे, त्यांचे दूरचे भाऊबंद होते.

चैत्राच्या अखेरीस पेटींतल्या दोन कोळंब्या मेल्या. मग गोगलगाई कांचेवरून गळून पडल्या. वैशाखांत पोवळीं मिटूं लागलीं, तीं पुन्हां उमललींच नाहींत. मासे मात्र जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत फिरत होते.

घरांत अशा वेळीं प्रथम दोष कोणावर येतो, हें वाचकांस सांगावयास नकोच. धाकट्या सूनबाईंनीं स्वयंपाकघरांत झुरळांचें औषध फवारलें होतें. तें कोळंबीच्या जातीस खरोखरच घातक असतें, तेव्हां संशय अगदींच वेडगळ नव्हता. पण फवारणी होळीपूर्वींची आणि मृत्यू त्यानंतर सहा आठवड्यांनीं! हा हिशेब कोणीं केला नाहीं. ज्या पेटीवर त्या बाईंचा सर्वांहून अधिक जीव, तिच्याजवळ फिरकण्याची त्यांनाच बंदी झाली. आम्हांस बोलावणें आलें तें यानंतर.

थोरल्या चिरंजीवांचा रोष कारखान्यांच्या धुरावर होता. आम्हांस प्रथम उष्म्याची शंका आली. पाणी तिसाच्या वर तापत राहिलें, तर पोवळ्याच्या अंगांत वस्तीस असलेलीं आणि त्यास अन्न पुरविणारीं सूक्ष्म शैवालें निघून जातात व तें पांढरें पडतें. परंतु पेटीवर दोन पंखे लावलेले होते. उष्णमापक सत्तावीस अंश दाखवीत होता. खारेपणा १.०२५, म्हणजे यथायोग्य. अमोनिया नाहीं. मग उरलें काय?

उत्तर मेलेल्यांच्या क्रमांतच होतें. अपृष्ठवंशी तेवढे मरावे आणि मासे जगावे, हा तांब्याचा स्वभाव. माशांच्या कांहीं रोगांवर तांब्याचें औषधच देतात. कोळंबी, गोगलगाय व पोवळीं यांस मात्र तें विष आहे. ब्रिटिश आरमारानें १७६१ सालीं ‘अलार्म’ जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले, ते समुद्रांतल्या असल्याच उपद्रवी जीवांना दूर ठेवण्यासाठीं. चाचणीच्या बाटलींत आम्हीं औषध टाकलें, आणि रंग बदलला.

पण पेटींत तांबें आलें कोठून? नळ प्लास्टिकचे, पंप प्लास्टिकचा. आम्हीं सहज विचारलें, “आटलेलें पाणी कोण भरतें?” चिरंजीव म्हणाले, “मीच, रात्रीं.” तेवढ्यांत माजघरांतून आजी म्हणाल्या, “दुपारीं मी घालतें हो. पंख्यांनीं केवढें आटतें! प्लास्टिकच्या बादलींतलें कशाला घालायचें मुक्या जिवांना? रात्रभर हंड्यांत ठेवलेलें घालतें.”

हंडा अर्थात् तांब्याचा! त्यांत भरलेलें पाणी शुद्धीकरण यंत्रांतलें, क्षार काढून घेतलेलें. असें पाणी धातू जास्त ओढतें. माणसास इतक्या तांब्यानें कांहीं होत नाहीं. परंतु समुद्राची पेटी आटते तेव्हां केवळ पाणी उडतें, मीठ मागें राहतें, तसेंच तांबेंहि. समजा, लिटरमागें ०.२ मिलिग्रॅम तांबें असलेलें दोन लिटर पाणी रोज पडलें, तर शंभर लिटरांत दिवसाला ०.००४ आणि साठ दिवसांनीं ०.२४ मिलिग्रॅम दर लिटरीं होतें. माशांच्या औषधाची मात्राहि साधारण एवढीच असते. पंखे लागले म्हणून पाणी अधिक आटलें, अधिक आटलें म्हणून हंड्यांतलें अधिक पडलें.

खोलींत कोणी बोलेना. आजी चष्मा पुसत बसल्या. अखेर धाकट्या सूनबाईच म्हणाल्या, “सासूबाई, तुम्हांला कोणीं सांगितलंच नव्हतं.” त्यांची क्षमा मागण्याचें मात्र त्या दिवशीं कोणास सुचलें नाहीं; चिरंजीवांस तें दुसऱ्या दिवशीं सुचलें, असें कळलें.

खडक व वाळू तांबें धरून ठेवतात व मागाहून सोडतात, म्हणून तीं टाकावीं लागलीं. पाणी थोडें थोडें करून बदललें, गाळणींत कोळसा व तांबें शोषणारी राळ घातली. वेगळ्या भांड्यांत आधींच काढून ठेवलेलीं तीन पोवळीं तेवढीं वांचलीं. चाचणी दोनदां स्वच्छ आल्यावर पेटींत एकच गोगलगाय सोडली; तीस तीन आठवडे झाले, ती चालत आहे. हंड्याशेजारीं आतां एक पांढरी प्लास्टिकची बरणी असते. नातवानें तिच्यावर ‘समुद्र’ असें लिहिलें आहे, आणि दुपारीं ती आजीच भरतात.