मत आमचे, फिरणे त्यांचे

राष्ट्रपतीच्या निवडणुकीची गोष्ट निघाली की आमचे शेतकरी व कारागीर बंधू हात झटकून म्हणतात, "ती दिल्लीची बाब, तिथे आपल्याला कोण विचारतो?" हा समज खोटा आहे, आणि ज्यांना आपल्या मताचा हिशेब द्यावयाचा नाही त्यांच्या तो मोठ्या सोयीचा आहे. खरे असे आहे की, या निवडणुकीत आपलेही मत जाते. आणि ते फार आधी जाते.

कसे ते पाहा. राष्ट्रपतीला मते देतात ते संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सभासद. आमदाराच्या मताची किंमत वस्तीवरून ठरते. 1971 च्या खानेसुमारीत महाराष्ट्राची वस्ती 5 कोटी 4 लाख 12 हजार होती. तिला 288 जागांनी भागले आणि दर हजार माणसांमागे एक मत धरले, की एका आमदाराच्या वाट्याला 175 मते येतात. नागपूर जिल्ह्याचे आमदार 12; म्हणजे आपल्या जिल्ह्याची 2,100 मते झाली. ही मते कोणा आमदाराला वतनात मिळालेली नाहीत. काटोलचा संत्र्याचा बागवान, मौद्याचा धान पिकविणारा, कामठीचा विडी कामगार, नागपुरातला कोष्टी, त्यांच्या बायका आणि पाळण्यातली लेकरेसुद्धा मोजून ती झालेली आहेत. आमदार हा त्या 175 मतांचा धनी नव्हे, कारभारी आहे.

आता या लवकर दिलेल्या मताचे पुढे काय होते? अमेरिकेत ठरलेल्या दिवसाआधीच मत देण्याची सोय पुष्कळ राज्यांत आहे. 2020 साली तेथे पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी 3 मार्चला 14 राज्यांत मतदान होते. 1 मार्चला बुटिजज व 2 मार्चला क्लोबुचर हे दोन उमेदवार मैदानातून निघून गेले. त्यांच्या नावावर आधीच मते टाकून बसलेले लोक हात चोळीत राहिले. त्या लोकांची फसगत दोन दिवसांच्या अंतराने झाली. आपल्याकडे हे अंतर वर्षांचे असते. 2019 च्या ऑक्टोबरात आपण आमदार निवडले. 2022 च्या जूनमध्ये शिवसेना दुभंगली, राज्याचे सरकार बदलले. आणि 18 जुलैला त्याच आमदारांनी राष्ट्रपतीसाठी मते दिली. मधल्या काळात कोण कोणाचा राहिला आणि कोण कोणाचा झाला, हे मतदाराला वर्तमानपत्रात वाचावे लागले. त्याला विचारावयास कोणी आले नाही.

ही रीत जुनी आहे. 1925 साली याच नागपुरात, सरकारी पदे न घेण्याची प्रतिज्ञा केलेल्या स्वराज्य पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली, आणि पक्षात मोठी फूट पडली. 1969 साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आपल्याच पक्षाच्या संजीव रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली, आणि मग सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असे सांगितले. व्ही. व्ही. गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 मतांनी निवडून आले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली. 2007 साली शिवसेनेने भाजपच्या युतीत राहूनही, मराठी बाई म्हणून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली.

कोणी म्हणेल, मत बदलणे म्हणजे पाप काय? आम्ही तसे म्हणत नाही. मेंढरासारखे पक्षामागे जाण्यापेक्षा विचार करून वेगळे मत देणारा आम्हाला बरा वाटतो. 1969 च्या त्याच निवडणुकीत तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख होते. त्यांची उमेदीची वर्षे मध्यप्रांताच्या सरकारी नोकरीत गेली. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांचे दिल्लीच्या सरकाराशी पटेना, तेव्हा त्यांनी अर्थमंत्र्याची खुर्ची सोडली. हा मत बदलण्याचा सरळ मार्ग आहे. खुर्ची धरून ठेवावयाची, आमची मतेही धरून ठेवावयाची, आणि बैलजोडी मात्र दुसऱ्याच्या वावरात जुंपावयाची, हा मार्ग निराळा. गुढीपाडव्याला ठरलेला सालगडीसुद्धा असे करीत नाही. कोष्ट्याला सूत दिले तर तो कापड वजनाने परत करतो. मग 175 मतांचे सूत घेणाऱ्यानेच वजन का देऊ नये?

कायद्याकडे बोट दाखवून भागणार नाही. राष्ट्रपतीचे मतदान गुप्त आहे. त्यात पक्षाला आदेश काढता येत नाही, आणि पक्षांतराचा 1985 चा कायदा येथे लागू पडत नाही. गुप्तता आम्हाला मान्य आहे. तिच्यामुळे दुबळ्या सभासदालाही दडपणाशिवाय मत देता येते. परंतु मत गुप्त असले तरी विचार गुप्त असण्याचे कारण नाही. जेथे कायद्याचा हात पोचत नाही, तेथे मतदारांनी विचारलेला प्रश्न तरी पोचला पाहिजे.

बंधुभगिनींनो, 2022 साली निवडलेल्या राष्ट्रपतींची मुदत 2027 च्या जुलैत संपते. त्या निवडणुकीसाठीचे आपले मत 20 नोव्हेंबर 2024 रोजीच देऊन झालेले आहे. ते परत घेता येणार नाही; पण त्याचा हिशेब मागता येईल. आमची सूचना साधी आहे. आपला आमदार गावात आला म्हणजे हारतुरे बाजूला ठेवावे आणि चारचौघांत त्याला दोन गोष्टी विचाराव्या: आमची 175 मते तू कोणाच्या पदरात टाकणार, आणि का? आणि बाजू बदलण्याची वेळ आली, तर आधी आमच्यापुढे येशील काय? जो उत्तर देईल त्याचे नाव लक्षात ठेवावे; जो हसून टाळील त्याचेही ठेवावे. पुढली पेरणी दूर नाही, आणि बियाणे अजून आपल्याच कणगीत आहे.