वेडा कोण आणि आजारी कोण?

मराठी भाषेत ‘वेड’ हा शब्द फार स्वस्त आहे. कुणी नाटकवेडा असतो, कुणाला क्रिकेटचे वेड असते, आई लाडाने लेकराला ‘वेडा कुठला’ म्हणते आणि लबाड माणूस वेड पांघरून पेडगावला जातो! इथपर्यंत या शब्दाचा कुणाला त्रास नाही. पण हाच शब्द एकदा एखाद्या घराला चिकटला, की काय होते ते मी माझ्या आजोळी पाहिले आहे. म्हणून हा लेख लिहीत आहे.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा धाकटा मामा तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो एकटाच बोलू लागला. विहिरीत कुणी तरी विष कालवले आहे, शेजारी आपल्यावर टपले आहेत, असे त्याला वाटे. तो जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला. घरच्यांनी जे गावात सगळे करतात तेच केले. देवऋषी झाला, उतारे झाले, अंगारे झाले. ‘बाहेरचे आहे’ असे सांगणाऱ्याने अमावास्यांचा हिशेब मांडला आणि आजीच्या पाटल्या गेल्या. शेवटी मामाला गोठ्याच्या खांबाला दोन महिने बांधून ठेवले. मी चौथीत होते. सुट्टीत गेले तेव्हा मला गोठ्याकडे जाऊ दिले नाही. बांधणारे त्याचे सख्खे भाऊच होते आणि बांधताना ते रडत होते, असे आई सांगते. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. त्यांना दुसरा मार्ग ठाऊकच नव्हता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मागच्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला सरांनी छिन्नमनस्कतेची लक्षणे सांगितली : नसलेले आवाज ऐकू येणे, खोट्या समजुती मनात घट्ट बसणे, माणसांतून मन उठणे. मी वहीत उतरवून घेत होते आणि मामा डोळ्यांपुढे उभा होता. शेजारची मैत्रीण हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे येडेच की!’’ आणि मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

‘वेड’ हे मुळी वैद्यकशास्त्रातले निदानच नाही. कुठलाही डॉक्टर कागदावर ‘वेडा’ असे लिहीत नाही. तो नैराश्य लिहितो, द्विध्रुवी विकार लिहितो, छिन्नमनस्कता लिहितो. प्रत्येकाची लक्षणे वेगळी, उपचार वेगळे. कायद्याचा प्रश्न आणखी निराळा आहे. गुन्हा करताना आपण काय करतो आहोत, ते चूक आहे की बरोबर, हे मनोविकलतेमुळे आरोपीला कळत होते का, एवढेच न्यायालय पाहते. जुन्या दंड संहितेचे कलम ८४ यासाठीच होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आले आहे. म्हणजे मनोरुग्ण असलेला प्रत्येक माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘मनोविकल’ ठरत नाही.

इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘लुनसी’ हा शब्द होता. १९८७ साली तो कायदा बदलला आणि २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला. हा कायदा स्पष्ट सांगतो, की केवळ मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला मनोविकल मानता येणार नाही. ते ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा. रुग्णाला साखळीने बांधण्यासही या कायद्याने बंदी आहे. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. ते पळू शकले नाहीत. त्यांना आजाराने मारले, की आपल्या समजुतींनी?

कुणी म्हणेल, ‘‘पण अशी माणसे बरी कुठे होतात?’’ होतात! १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यास सुरुवात झाली आणि तेव्हापासून चित्र बदलत गेले. छिन्नमनस्कतेच्या दर तीन रुग्णांपैकी निदान एक पूर्ण बरा होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाकीच्यांपैकीही पुष्कळजण औषधे आणि घरच्यांचा आधार यांच्या बळावर आपले जीवन जगतात.

माझा मामा त्यांतलाच. गावच्या आशाताईंनी आजीच्या मागे लागून त्याला सरकारी दवाखान्यात नेववले. तीन-चार महिन्यांत तो माणसांत आला. मग ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या थांबवल्या आणि दुखणे उलटले. तेव्हापासून गोळी चुकत नाही. गोळ्यांनी वजन वाढले आहे, हात थोडा कापतो. पण चार म्हशींचे दूध डेअरीत घालून हिशेब तोच ठेवतो. मी एकदा धीर करून विचारले, ‘‘मामा, अजून आवाज येतात का रे?’’ तो म्हणाला, ‘‘येतात कधी कधी. पण मी धारा काढायचं सोडत नाही.’’ बरे होणे म्हणजे आणखी काय असते?

आजार वर्ष-दीड वर्षात आटोक्यात आला. शब्द मात्र दहा वर्षांत सुटला नाही. त्याच्यापायी माझ्या मावशीचे जमलेले लग्न मोडले. पोरे अजून त्याच्यामागे ओरडतात. तो मारेल म्हणून बायका रस्ता बदलतात. खरे तर असे बहुसंख्य रुग्ण कुणावर हात उचलत नाहीत. उलट त्यांनाच मार आणि फसवणूक सोसावी लागते.

मित्रमैत्रिणींनो, हे आजार बहुधा आपल्याच वयात डोके वर काढतात. एखादा सोबती तासांना येईनासा झाला, झोपेनासा झाला, भलतेच बोलू लागला, तर त्याची नक्कल करू नका. त्याच्याजवळ बसा, प्राध्यापकांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. देवाला नवस जरूर करावा, पण गोळी बंद करू नये.

आणि त्या दिवशी तासाला हसले, ती मीच. त्या मैत्रिणीला जे सांगायचे राहिले ते आज सर्वांना सांगते : तो येडा नाही, आजारी होता, आणि तो माझा मामा आहे.

— द्वितीय वर्ष, कला