डोळ्याखालची रेघ

मुलांनो, रात्री दाट जंगलात कोण कोण फिरतं ते पाहायला आता मचाणावर जागत बसावं लागत नाही. झाडाच्या बुंध्याला एक छोटी पेटी बांधून ठेवतात. तिचं नाव कॅमेरा ट्रॅप. समोरून ऊबदार अंगाचा प्राणी गेला, की पेटीला ते कळतं आणि खट्! फोटो निघतो.

आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यात अशा फोटोंमध्ये एक चिमुकला प्राणी दिसतो. त्याचं नाव डायकर. हा कुरंग आहे, म्हणजे आपल्या काळविटाचा भाऊबंद. चितळ-सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. कुरंगाची शिंगं जन्मभर टिकतात. निळा डायकर तर खांद्यापाशी जेमतेम ३५ सेंटिमीटर उंच, आणि वजन ४-५ किलो! 'डायकर' म्हणजे डच भाषेत बुडी मारणारा. चाहूल लागली, की हा डोकं खाली घालून झुडपात सूर मारतो.

आता त्याचा चेहरा नीट पाहा. डोळे चमकतात, कारण डोळ्यांच्या आत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. शिंगांच्या मधे केसांचा झुबका. आणि डोळ्यापासून नाकाकडे गेलेली ही काळी रेघ कसली? जखम झाली? की बिचारा रडतोय?

दोन्ही नाही! ती आहे वासाची ग्रंथी. त्या रेघेत बारीक छिद्रांची रांग असते. त्यांतून चिकट, वासाचा द्रव पाझरतो. डायकर गाल काडीला, फांदीला घासतो आणि वास तिथे ठेवून जातो. गर्द झाडीत लांबचं दिसत नाही, म्हणून ही वासाची चिठ्ठी! 'ही जागा आमची आहे,' असं ती सांगते. निळे डायकर जोडीनं राहतात. ते एकमेकांच्या गालालाही गाल घासतात.

डायकर झाडाखाली पडलेली फळं खातो. माकडांच्या हातून सुटलेलीसुद्धा. पोटातल्या बिया तो दुसरीकडे टाकतो आणि तिथे नवं झाड उगवतं. पण मध्य आफ्रिकेत मांसासाठी सर्वांत जास्त मारल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याचा नंबर लागतो. तारेचा फास त्याच्या वाटेवरच लावतात. म्हणून कॅमेऱ्यात त्याचा चेहरा दिसणं फार मोलाचं. तो दिसेनासा झाला, तर समजायचं, की जंगल बाहेरून हिरवंगार असलं तरी आतून रिकामं होत चाललंय. उद्याची झाडं पेरणाराच गेला, मग पुढे काय?

अशी ग्रंथी फक्त आफ्रिकेतच असते असं नाही हं! आपल्या मेळघाटात, ताडोबात राहणाऱ्या चौसिंग्यालाही ती डोळ्यापुढे असते.

आता तुमच्यासाठी एक काम. गावात मेंढरं आली, तर धनगरकाकांना विचारून मेंढीचा चेहरा जवळून पाहा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापुढे एक खळगा दिसेल. मग शेजारच्या शेळीचा चेहरा पाहा. तिला तो नसतो! दोघींची चित्रं वहीत काढा आणि आई-बाबांना विचारा, 'फरक ओळखा पाहू?'