आकडा नियमात, खिडकी हादरतेय

मी सबवूफरच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजात 18 मिलिमीटर बर्च प्लायवूडचे दोन बॉक्स उभे आहेत, प्रत्येकात 18 इंची स्पीकर. कापाकापी, आतल्या आडव्या पट्ट्या, गोंद, स्क्रू, सगळं माझ्या हातचं. तेव्हा ज्यांना यात ‘डीजे बंद करा’वाल्यांचा सूर ऐकू येईल, त्यांनी जरा दम धरावा.

माझं भांडण आकड्याशी आहे. मागच्या गणपतीत मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये हेच बॉक्स लावले. आरती झाली, नाच सुरू झाला आणि एक काका छातीवर हात ठेवून बाहेर जाऊन बसले. “धडधड सहन होत नाही रे.” समितीतल्या एकाने लगेच फोनवरचं अ‍ॅप दाखवलं: “काका, बघा ना, मर्यादेत आहे.” काका गप्प झाले. मीही गप्प बसलो, आणि मला तर कारण ठाऊक होतं.

अ‍ॅप मोजत होतं ते डेसिबल ‘ए’. ही पद्धत हलक्या आवाजात आपला कान कसा ऐकतो त्यावर बेतलेली आहे, म्हणून ती बेस मुद्दाम कमी धरते. 40 हर्ट्झला ही वजावट जवळपास 35 डेसिबल. ‘सी’ पद्धतीत तीच जेमतेम 2. पुढच्या शनिवारी रिकाम्या पार्किंगमध्ये एक बॉक्स नेला, दोन मीटरवर जमिनीलगत माइक ठेवला आणि 40 हर्ट्झचा सूर सोडला. ‘सी’वर 108, ‘ए’वर 75. तोच बॉक्स, तोच सूर.

75 ओळखीचा वाटतो का? भारताच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरला याच्या वर जाता येत नाही. निवासी भागात दिवसा 55, रात्री 45. हे सगळे आकडे ‘ए’तलेच. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी आई खिडक्या लावून घेते तेव्हा गाण्याचे शब्द बाहेर अडतात, बेस अडत नाही. आत मीटर धरलात तर आकडा शहाण्यासारखा वागेल, मांडणीवरची भांडी मात्र वाजत राहतील.

कुणी म्हणेल, खऱ्या गाण्यात नुसता 40 हर्ट्झ नसतो. बरोबर, वरचे स्वर आकडा चढवतात. मग ऑपरेटर वरचे स्वर उतरवतो, बेस तसाच ठेवतो आणि आकडा पुन्हा मर्यादेत. ही पळवाट मी स्वतः शिकवू शकतो, म्हणून तर बोलतोय.

कारण हे बॉक्स बांधणारे आपण कोण? बहुतेक इंजिनियर, नाहीतर माझ्यासारखे पोस्टडॉक. थील-स्मॉलची समीकरणं कोळून प्यायलेले. पोर्टची लांबी मिलिमीटरमध्ये काढतो, इम्पीडन्सचे आलेख एकमेकांना रात्री बाराला पाठवतो. वॉट दुप्पट केले तर जेमतेम 3 डेसिबल वाढतात हे माहीत असूनही मिरवतो वॉटच. आणि सोयीची पट्टी लावून मोजलेला आकडा प्रयोगशाळेत कुणी आणला, तर त्याला दारात उभं करणार नाही. मग काकांसमोर तो कसा चालतो?

यंदा समितीला कळवलं: माझे बॉक्स हवे असतील तर मीटर ‘सी’वर राहील, ज्येष्ठांच्या खुर्च्यांपाशी राहील आणि आकडा सगळ्यांना दिसेल असा लावायचा. उत्तर तासाभरात आलं. दुसऱ्या एकाकडे 21 इंची आहेत म्हणे.