मुंबईचे पाहुणे

चाकरमान्याच्या घरचा शिमगा कसा असतो, ते आम्हा सात भावंडांना विचारावे! कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली. त्याच्या कितीतरी आधी आमचे वडील बोटीने रत्नागिरीस येत. बोट खोल पाण्यात उभी राही, पडाव माणसे किनाऱ्याला आणी. वर्षभर गिरणीतले साचे नि खानावळीतले जेवण. ट्रंकेतून एकच तागा निघे. सातांनाही एकाच छिटाचे कपडे! गाव हसे. हसेना का बापडे!

एका साली धाकटी दोन दिवस त्यांना ‘मुंबईचे पाहुणे’ म्हणत होती. तिसऱ्या दिवशी मांडीवरून उतरेना. निघायच्या सकाळी वडिलांची एक वहाण नाहीशी झाली. ती धाकटीच्या ओच्यात आहे, हे आईने पाहिले होते. तरी ती शोधायला माजघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.